विद्यापीठ वस्तीत जातं तेव्हा: भागीदारी कशी बांधतात आणि ती कुठे उसवते

कुलगुरू आणि स्थानिक संस्थेचे अध्यक्ष फाईल धरून उभे राहतात, मागे फलक असतो, फोटो निघतो. सामंजस्य करार झाला! हा फोटो म्हणजेच भागीदारी, असा समज विद्यापीठांत फार पक्का बसला आहे. खरं तर त्या दिवशी एवढंच ठरलेलं असतं की दोघांचं एकमेकांशी वाकडं नाही. पुढे काय होणार हे तीन रुक्ष प्रश्नांवर अवलंबून असतं. काम कोणाच्या वेळापत्रकाने चालणार? पैसा कोणाच्या हातून आणि किती दिवसांत सुटणार? गोळा झालेली माहिती कोणाची? याची उत्तरं कागदावर नसली, तर माणसं चांगली आणि हेतू स्वच्छ असूनही वर्ष-दोन वर्षांत गाडं अडतं. बिघाडाचं मूळ शोधायला गेलं तर दुष्टपणा क्वचितच सापडतो. बहुतेक वेळा सापडतं परीक्षेचं वेळापत्रक नाहीतर अडकलेलं बिल.

आधी शब्दाचं पाहू. अमेरिकी अभ्यासक शेरी अर्नस्टीन यांनी १९६९ मध्ये नागरिकांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. तळाशी लोकांना नुसतं गुंडाळणं आहे. तिसऱ्या पायरीवर माहिती देणं, चौथीवर मत विचारणं, पाचवीवर एक-दोघांना समितीत घेऊन बाकीच्यांची बोळवण करणं. भागीदारी येते सहाव्या पायरीवर आणि तिच्याही वर दोन पायऱ्या आहेत. विद्यापीठं ज्याला भागीदारी म्हणतात, त्यातलं बरंचसं तिसऱ्या-चौथ्या पायरीवरचं असतं. त्यात वावगं काही नाही. आरोग्य शिबिर हे शिबिर म्हणून उत्तमच असतं, फक्त त्याला भागीदारी म्हणू नये. ओळखायची खूण सोपी आहे: स्थानिक लोकांनी ‘हे आम्हाला नको’ म्हटलं तर काम थांबतं का? थांबत नसेल तर त्यांना फक्त कळवलेलं आहे, विचारलेलं नाही.

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाचं व्यायामशाळेचं प्रकरण या संदर्भात जुनं असूनही शिळं होत नाही. विद्यापीठाला मॉर्निंगसाइड पार्क या सार्वजनिक उद्यानात व्यायामशाळा बांधायची होती. उद्यान तीव्र उतारावर आहे. वरच्या अंगाला विद्यापीठ, खालच्या अंगाला हार्लेम ही मुख्यतः कृष्णवर्णीयांची वस्ती. शहराशी रीतसर भाडेकरार झालेला होता आणि इमारतीचा एक भाग वस्तीसाठी राखलेला होता. म्हणजे कागदोपत्री सगळं ठीक. पण विद्यार्थ्यांचं दार वर आणि वस्तीतल्या लोकांचं दार खाली होतं, शिवाय लोकांच्या वाट्याला आलेली जागा बेताचीच. १९६८ मध्ये खोदकाम सुरू झालं, वस्ती आणि विद्यार्थी दोघेही उठले, विद्यापीठ ठप्प झालं आणि प्रकल्प सोडून द्यावा लागला. खणलेला खड्डा वर्षानुवर्षं तसाच होता; पुढे त्याचं तळं झालं. आराखड्यातली दोन दारं रेखाटनाच्या टप्प्यावरच कोणी वस्तीतल्या चार माणसांना दाखवली असती, तर ती तेव्हाच खोडली गेली असती.

समाज म्हणजे नेमके कोण

‘आम्ही समाजाशी बोललो’ या वाक्यात बहुधा एखादा अध्यक्ष, एखादा निवडून आलेला प्रतिनिधी आणि ज्याला विद्यापीठाची भाषा येते असा एखादा कार्यकर्ता असतो. भाडेकरू नसतात, रात्रपाळीवाले नसतात, दुपारी घर सोडता न येणाऱ्या बायका नसतात. यावर अनुभवी लोक वापरतात ती पद्धत साधी आहे. सुरुवातीला एका प्रश्नाशी संबंधित पाच-सहा जणांना भेटायचं आणि प्रत्येकाला शेवटी दोनच प्रश्न विचारायचे: ‘आणखी कोणाशी बोलायला हवं? तुमच्याशी ज्याचं पटत नाही असं कोण आहे?’ दुसरा प्रश्न महत्त्वाचा. पहिल्याने ओळखीच्यांची साखळी मिळते, दुसऱ्याने साखळीबाहेरचे सापडतात. तीच ती नावं फिरून यायला लागली की थांबायचं. पंधरा-वीस भेटींत हे बहुधा होतं. या फेरीत प्रश्नावली नाही, छापील पत्रक नाही, वचन तर मुळीच नाही.

पहिली एकत्र बैठक कुठे घ्यायची यावरूनही बरंच ठरतं. विद्यापीठाच्या सभागृहात बोलावलं की फाटकावर ओळखपत्र, वाहन लावायची अडचण, खुर्च्यांची रांग आणि ‘आपण पाहुणे आहोत’ ही भावना. वस्तीतल्याच जागेत, कामाच्या वेळेनंतर, दीड तासाच्या आत, आणि गोलात बसून बैठक होते तेव्हा बोलणं वेगळं होतं. सादरीकरण नेऊ नये. पडद्यावर तयार आराखडा दिसला की लोक त्यावर ‘सूचना’ देतात, स्वतःचा प्रश्न मांडत नाहीत. बैठकीचं टिपण एका पानाचं, तिथल्याच भाषेत, आठवड्याच्या आत सगळ्यांच्या हातात जावं. कोण काय बोललं यापेक्षा कोण काय करणार आणि कधीपर्यंत, हे त्यात असावं. ही एक सवय पाळली तरी निम्मे गैरसमज टळतात.

प्रश्न कोणाचा?

संशोधकाकडे तयार प्रश्न असतो आणि तो वस्ती शोधत असतो. हा क्रम उलटवण्याचा सर्वात सुटसुटीत प्रयोग १९७०च्या दशकात नेदरलँड्समध्ये झाला. तिथल्या विद्यापीठांत विद्यार्थी आणि तरुण शिक्षकांनी ‘विज्ञान दुकानं’ काढली. तिथे विकत काही मिळत नाही. नागरिकांचा गट प्रश्न घेऊन येतो: आमच्या शेजारच्या कारखान्याच्या धुरात काय आहे, या नाल्यातल्या पाण्याचं काय झालं. दुकानातला मध्यस्थ त्या तक्रारीचं संशोधनाच्या प्रश्नात रूपांतर करतो, विषय जाणणारा प्राध्यापक गाठतो आणि विद्यार्थी तो प्रश्न आपला अभ्यासप्रकल्प म्हणून सोडवतो. श्रेयांक (क्रेडिट) विद्यार्थ्याला, उत्तर गटाला. सुरुवातीच्या दुकानांच्या तीन अटी होत्या: गटाकडे संशोधन विकत घ्यायला पैसे नसावेत, हेतू व्यापारी नसावा आणि मिळालेलं उत्तर वापरण्याची धमक गटात असावी. तिसरी अट वरवर कठोर वाटते, पण तीच सर्वात शहाणी आहे. उत्तर मिळाल्यावर ते घेऊन कुठे जायचं हे कोणालाच माहीत नसेल, तर तो अहवाल कपाटातच राहतो.

तक्रारीचा प्रश्न करणं हे खरं कसब आहे. ‘इथे मुलं सारखी आजारी पडतात’ ही तक्रार. त्यावर लगेच रक्ततपासणीचा प्रकल्प काढणं म्हणजे घाई. आधी विचारायचं: कोणत्या वयाची मुलं, कोणत्या महिन्यात, कोणत्या बाजूची घरं, शाळा किती दिवस बुडते? त्यातून ‘पाणी रोज आलं नाही की साठवलेल्या पाण्यात काय होतं’ असा, एका सत्रात उत्तर देता येईल एवढा लहान प्रश्न निघतो. मोठा प्रश्न तसाच उचलला की तो कोणाच्याच हातून पुरा होत नाही आणि वस्तीत एक वाक्य पक्कं होतं: ‘हे लोक येतात, लिहून नेतात, परत येत नाहीत.’

सत्राचं गणित

भागीदारी मोडायला सत्रपद्धतीएवढं हमखास हत्यार दुसरं नाही. सोळा आठवड्यांचं सत्र धरा. पहिले तीन आठवडे प्रवेश, विषयनिवड आणि तोंडओळख यांत जातात. शेवटचे तीन अहवाल आणि परीक्षेचे. मध्ये एक आठवडा सुट्टी. उरले नऊ. विद्यार्थी आठवड्याला तीन तास देणार असेल तर झाले सत्तावीस तास, त्यातले चार प्रशिक्षणाचे. म्हणजे एका विद्यार्थ्याकडून प्रत्यक्ष काम तेवीस तास, पाच जणांचं मिळून एकशे पंधरा.

आता संस्थेच्या बाजूने पाहू. पाचही जण एकाच दिवशी एकत्र येत असतील, तर कार्यकर्त्याचे त्यांच्यासाठी आठवड्याला एक तास याप्रमाणे नऊ, प्रशिक्षणाचे चार आणि शेवटी मूल्यमापनाचे फॉर्म भरायला पाच, असे अठरा तास जातात. सौदा फायद्याचा. पण तेच पाच जण आपापल्या तासिका सांभाळून पाच वेगळ्या दिवशी आले, तर देखरेखीचे पंचेचाळीस, प्रशिक्षणाचे वीस आणि फॉर्मचे पाच, असे सत्तर तास जातात. एकशे पंधरा तासांच्या नवशिक्या कामासाठी सत्तर तासांचा अनुभवी माणूस! लहान संस्था हे बोलून दाखवत नाहीत, कारण विद्यापीठाला नाही म्हणणं अवघड वाटतं. त्या पुढच्या वर्षी फोन उचलत नाहीत, इतकंच.

उपाय वेळापत्रकातच आहेत. विद्यार्थ्यांचा गट एकत्र जाईल अशी सलग अर्ध्या दिवसाची जागा विभागाने तासिकांमध्ये ठेवावी. काम दोन सत्रांचं असावं आणि पहिल्या तुकडीतले एक-दोन जण दुसऱ्या तुकडीला शिकवायला मानधनावर राहावेत. मुलांना शिकवण्याचा उपक्रम असेल तर वेळापत्रक शाळेचं धरायचं, विद्यापीठाचं नाही. परीक्षेमुळे ताई किंवा दादा अचानक यायचे बंद झाले की मुलाला ते परीक्षेमुळे आहे हे कळत नाही. त्याला वाटतं, आपल्यामुळे.

पूर्णवेळ माणसाला पर्याय नाही, हे अमेरिकेत शंभर वर्षांपूर्वीच लक्षात आलं होतं. १९१४च्या स्मिथ-लीव्हर कायद्याने तिथल्या कृषी महाविद्यालयांच्या विस्तारकार्याला, म्हणजे ज्ञान शेतकऱ्यांपर्यंत नेण्याच्या कामाला, केंद्र, राज्य आणि स्थानिक काउंटी (जिल्ह्यासारखा विभाग) यांचा मिळून पैसा मिळू लागला. त्यातून काउंटीत नेमलेला विस्तार अधिकारी विद्यापीठाचा असला तरी शेतकऱ्यांमध्येच बसायचा. त्याला सत्रं नव्हती, हंगाम होते. पगारात स्थानिक वाटा असल्यामुळे त्याला विचारणारंही स्थानिक कोणीतरी होतं. आज विद्यापीठं हे काम दोन वर्षांच्या कंत्राटावरच्या समन्वयकाकडे देतात. तो सोडून गेला की त्याच्या फोनमधली नावंही जातात. म्हणून दोन्ही बाजूंनी किमान दोन-दोन माणसं ठेवावीत आणि संपर्काची यादी कार्यालयाच्या नावाने असावी.

पैसा

प्राध्यापकाला पगार, विद्यार्थ्याला श्रेयांक, स्थानिक कार्यकर्त्याला प्रमाणपत्र. प्रमाणपत्राने घरभाडं भागत नाही. घरोघरी नेणं, दार उघडून देणं, भाषा समजावणं, रागावलेल्या माणसाला शांत करणं हे कुशल काम आहे आणि अंदाजपत्रकात त्याची स्वतंत्र ओळ हवी. ‘इतर खर्च’ या ओळीत ते टाकलं की सर्वात आधी तिथेच कात्री लागते.

दुसरी अडचण जास्त टोचते. वित्त विभागाची पद्धत असते: आधी खर्च करा, पावत्या लावा, मग रक्कम मिळेल. मोठ्या संस्थेला हे चालतं. ज्या गटाच्या खात्यात महिनाभराचाच पैसा असतो, त्याला दोन-तीन महिने थांबणं म्हणजे एखाद्याचा पगार थांबवणं. करारातच हप्ते ठरवून घ्यावेत, उदाहरणार्थ सहीच्या वेळी ४० टक्के, मध्यावर ४०, अहवालानंतर २०. नोंदणीकृत खातं नसलेल्या गटासाठी मध्ये एखादी विश्वासातली नोंदणीकृत संस्था घ्यावी लागते. तिचं शुल्क किती हेही लिहून ठेवावं. आणि अनुदान मागतानाच अर्जात दोघांची नावं असावीत. पैसा मंजूर झाल्यावर भागीदार शोधायला निघालेला प्रकल्प लोकांना वासावरून कळतो.

विद्यापीठाचा सर्वात मोठा पैसा मात्र संशोधनात नसतोच. तो खरेदीत असतो: धुलाई, सफाई, बांधकाम, छपाई, नोकऱ्या. अमेरिकेतल्या क्लीव्हलँड शहरात केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठ आणि तिथली मोठी रुग्णालयं यांच्या खरेदीवर नजर ठेवून आसपासच्या गरीब वस्त्यांतल्या कामगारांच्या मालकीच्या सहकारी संस्था उभ्या करण्यात आल्या. एव्हरग्रीन नावाच्या या गटाची धुलाईची संस्था २००९ मध्ये सुरू झाली. कपडे धुण्याच्या कंत्राटाला ‘समाजाशी नातं’ म्हणायला प्राध्यापकमंडळींना जड जातं. वस्तीला जड जात नाही. लहान पुरवठादाराला आड येतं ते कंत्राटाचं आकारमान. वर्षभराचं एकच मोठं कंत्राट तोडून चार लहान केली, अनामत रक्कम कमी केली आणि देयक महिन्याच्या आत दिलं, तर कित्येक दारं उघडतात.

माहिती कोणाची?

अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यात ग्रँड कॅन्यन या दरीच्या तळाशी हावासुपाई हा छोटा आदिवासी समाज राहतो. त्यांच्यात मधुमेह फार. १९९०च्या सुमारास ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांना त्यांनी मधुमेहाचं कारण कळेल या आशेने रक्त दिलं. संमतीपत्रातले शब्द मात्र सैल होते: वर्तनाच्या व वैद्यकीय विकारांची कारणं अभ्यासणे. त्या नमुन्यांवर पुढे स्किझोफ्रेनिया हा मानसिक आजार, जवळच्या नात्यातले विवाह आणि पूर्वजांचं स्थलांतर यांवरही संशोधन झालं. समाजातल्या एका सदस्येला २००३ मध्ये त्याच विद्यापीठात एका प्रबंधाच्या सादरीकरणाला बसल्यावर हे कळलं. खटले चालले. २०१० मध्ये विद्यापीठाने ४१ सदस्यांना मिळून ७ लाख डॉलर देऊन तडजोड केली आणि उरलेले नमुने परत केले. इथे सही होती, संशोधन तपासणाऱ्या नैतिकता समितीची पद्धत होती. तुटलं ते लोकांनी ऐकलेलं वाक्य आणि कागदावरचं वाक्य यांच्यातल्या अंतरात.

हे अंतर बुजवायला काही समाजांनी स्वतःचे नियम केले. कॅनडातल्या मूलनिवासी समाजांनी १९९८ पासून माहितीबाबत चार हक्क मांडले: मालकी, नियंत्रण, पोहोच आणि ताबा. दक्षिण आफ्रिकेतल्या सान समाजाने २०१७ मध्ये संशोधकांसाठी आचारसंहिताच जाहीर केली. आमच्याशी साध्या भाषेत बोला, विद्वानांच्या भाषेत नको, हीसुद्धा तिच्यातली एक अपेक्षा आहे. करारात हे उतरवायचं तर वाक्यं अशी हवीत: मूळ नोंदी कोणाकडे, किती वर्षं. दुसऱ्या कामासाठी वापरायच्या तर पुन्हा कोणाची परवानगी. निष्कर्ष छापण्याआधी वस्तीला दाखवण्यासाठी किती दिवस. तीस दिवस ही बरी मुदत आहे. आक्षेप आला तर लेख अडत नाही, पण आक्षेप लेखासोबत छापला जातो. लेखकांत कोणाची नावं.

विद्यापीठाच्या नैतिकता समित्या एका माणसाला होणारी इजा नीट तपासतात, गटाला होणारी इजा त्यांच्या फॉर्ममध्ये अनेकदा नसतेच. नावं वगळून छापलेल्या अहवालातही वस्ती ओळखू येते आणि ‘गुन्ह्यांचं प्रमाण जास्त’ हा शिक्का पुढे नोकरीच्या अर्जात पत्ता लिहिताना आडवा येतो. समितीला काही आठवडे लागतात हे धरूनच तारखा लावाव्यात.

लोकांनी स्वतः माहिती गोळा केली तर ती कच्ची राहील, ही शंका नेहमीची. अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या फ्लिंट शहराचं उदाहरण तिचं उत्तर आहे. २०१४ मध्ये शहराचा पाण्याचा स्रोत बदलला, पाणी गढूळ यायला लागलं, अधिकारी ‘पाणी सुरक्षित’ म्हणत राहिले. २०१५ मध्ये व्हर्जिनिया टेक विद्यापीठाच्या चमूने नमुने घेण्याचे ३०० संच पाठवले आणि नागरिकांच्या गटांनी ते घरोघरी पोचवून परत गोळा केले. अडीचशेहून अधिक परत आले. प्रत्येक संचात तीन बाटल्या होत्या. किमान सहा तास नळ बंद ठेवून पहिल्या धारेची एक लिटरची बाटली, पंचेचाळीस सेकंद पाणी सोडल्यावर दुसरी, दोन मिनिटांनी तिसरी. हा क्रम महत्त्वाचा, कारण नमुन्याआधी नळ सोडून ठेवला की नळीत साचलेलं शिसं (विषारी धातू) वाहून जातं आणि आकडा गोड दिसतो. सुरुवातीच्या आकडेवारीत दर दहापैकी एका घरात शिशाचं प्रमाण पाण्याच्या एक अब्ज भागांत २५ भाग किंवा जास्त निघालं. सरकारी कारवाईची मर्यादा होती १५. माहिती पक्की ठरली ती सूचना चोख असल्याने आणि बाटली नेणारी व्यक्ती ओळखीची असल्याने. अनोळखी संशोधकासाठी सकाळी नळ कोरडा ठेवून कोण थांबणार?

विद्यापीठाच्या आतली गाठ

तरुण प्राध्यापकाने तीन वर्षं वस्तीत घालवली आणि पदोन्नतीच्या मुलाखतीत ‘शोधनिबंध किती?’ एवढंच विचारलं, तर चौथ्या वर्षी तो प्रयोगशाळेत दिसतो. अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ अर्नेस्ट बॉयर यांनी १९९० मध्येच सुचवलं होतं की विद्वत्ता फक्त नव्या शोधाची नसते. ज्ञानाचा मेळ घालणं, ते वापरात आणणं आणि शिकवणं हीही विद्वत्ताच. शिक्षणक्षेत्रातल्या कार्नेगी फाउंडेशन या संस्थेने २००६ पासून अमेरिकी विद्यापीठांना समाजसंबंधांसाठी ऐच्छिक वर्गीकरणही द्यायला सुरुवात केली. पण पदोन्नतीच्या फॉर्ममध्ये स्वतंत्र रकाना आणि मूल्यमापकांत एखादी स्थानिक व्यक्ती, एवढं झाल्याशिवाय हे सगळं भाषणातच राहतं.

आणखी एक घरगुती अडचण: एकाच वस्तीत समाजकार्य, भूगोल आणि वैद्यक अशा तीन विभागांची तीन सर्वेक्षणं एकाच महिन्यात जातात आणि तिन्हींत घरातल्या माणसांची संख्या विचारली जाते. हे टाळायला मोठं सॉफ्टवेअर लागत नाही. कोण, कुठे, कधी, काय विचारणार, एवढी एक सामाईक नोंदवही आणि ती पाहिल्याशिवाय मैदानात न उतरण्याचा नियम पुरतो.

शेवटचं कलम बहुतेक करारांत नसतं: काम कसं संपवायचं. निधी संपण्याच्या सहा महिने आधी दोन्ही बाजूंनी बसून यादी करावी. पाणी तपासायचं यंत्र कोणाकडे राहणार, त्याची चाचणीची पट्टी संपली की कुठून आणायची, फाईलींचा पासवर्ड वस्तीतल्या कोणत्या दोघांकडे, खोलीची किल्ली कोणाकडे, संकेतस्थळाचं भाडं पुढची दोन वर्षं कोण भरणार. मूळ नोंदींची एक प्रत साध्या तक्त्याच्या स्वरूपात, फुकटच्या प्रणालीत उघडेल अशी, आणि एक कागदावर. मग वस्तीतल्याच एखाद्याला विद्यापीठाच्या माणसांनी हात न लावता पूर्ण काम एकदा करून दाखवायला सांगावं: नमुना घेणं, मोजणं, नोंद करणं, तक्ता भिंतीवर लावणं. जिथे तो अडेल, तेवढं शिकवायचं अजून बाकी आहे.